उताराची स्कोप रेल कशी निवडावी: लांब पल्ल्याच्या रायफल शूटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊन लांब पल्ल्याच्या शूटिंगकडे वळलेल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "कुठल्या कंपनीची रेल घेऊ?" हा असतो. खरं तर तो शेवटी विचारायचा. आधी स्कोपचे (रायफलवरच्या दुर्बिणीचे) क्लिक, म्हणजे निशाणा वर-खाली करणाऱ्या चकतीचे खटके मोजा, मग आपली गोळी किती खाली येते ते बघा. किती एमओएची (हे उताराच्या कोनाचं माप) रेल हवी, हे त्या वजाबाकीतूनच कळतं. खालची बरीच उत्तरं या एका वजाबाकीभोवती फिरतात.

उताराची रेल म्हणजे नेमकं काय?

रायफलच्या रिसीव्हरवर (बॅरलमागच्या मुख्य भागावर), स्कोपची नळी धरणाऱ्या रिंगा पकडण्यासाठी जी खाचांची पट्टी बसवतात ती रेल. साधी रेल बॅरलला समांतर असते. उताराची रेल मागच्या बाजूला, म्हणजे शूटरच्या डोळ्याकडे, किंचित जाड आणि पुढे पातळ असते. तिच्यावर बसवलेला स्कोप बॅरलच्या मानाने जरा खाली बघतो. मग स्कोप लक्ष्यावर धरला की बॅरलचं तोंड आपसूक वर उचललं जातं.

हा उतार नुसत्या नजरेला कळत नाही. २० एमओए म्हणजे एका अंशाचा तिसरा हिस्सा. १५ सेंटिमीटर लांबीच्या रेलच्या दोन टोकांच्या जाडीत फरक पडतो ०.८७ मिलिमीटरचा, बँकेच्या कार्डाच्या जाडीहून थोडासाच जास्त.

एमओए आणि मिल यांचा मेळ कसा घालायचा?

एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर तो १.०४७ इंच भरतो, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. एका मिलमध्ये ३.४४ एमओए. स्कोप मिलचा असला तरी रेल बहुधा एमओएमध्येच विकतात. त्यामुळे एवढं पाठ असलं की भागतं: १० एमओए म्हणजे २.९ मिल, २० म्हणजे ५.८, ३० म्हणजे ८.७ आणि ४० म्हणजे ११.६ मिल.

रेल लावली की स्कोपचं एलेव्हेशन वाढतं ना?

नाही. एलेव्हेशन म्हणजे निशाणा वर-खाली करायला स्कोपमध्ये असलेली एकूण जागा, आणि ती एका क्लिकनेही वाढत नाही. दुकानदारसुद्धा बोलता बोलता "वीस एमओए जास्त मिळतील" असं म्हणून जातात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. स्कोपमध्ये एकूण ६० एमओए एलेव्हेशन आहे, म्हणजे मध्यापासून ३० वर आणि ३० खाली. रायफल ६.५ क्रीडमोर (हा काडतुसाचा एक प्रकार), रेल सपाट, झिरो १०० यार्डांवर, म्हणजे तिथे निशाणा धरू तिथेच गोळी लागते. स्कोप बॅरलच्या मध्यरेषेपासून साधारण पावणेदोन इंच वर बसलेला असतो, आणि १०० यार्ड जाईपर्यंत गोळी अडीच इंच खाली येते. बेरीज झाली सव्वाचार इंच, म्हणजे चारेक एमओए. तेवढे तुम्ही झिरो करतानाच वापरून बसलात. आता वर उरले २६ आणि खाली ३४. लांब मारायचं तर वरचे २६ कामाचे. खालच्या ३४चा काडीचा उपयोग नाही, कारण झिरोच्या खाली टरेट (क्लिकची चकती) फिरवायची वेळ येतेच कुठे?

आता तीच रायफल, तोच स्कोप, रेल फक्त २० एमओएची. झिरो केल्यावर वर उरतात ४६ आणि खाली १४. ३० एमओएची रेल लावली तर वर ५६, खाली ४. बेरीज दर वेळी ६०च. जे एलेव्हेशन खाली पडून होतं ते रेलने वर आणून दिलं, एवढंच.

याच हिशेबात ४० एमओएची रेल धरून बघा. खालचा आकडा येतो उणे ६. म्हणजे १०० यार्डांवर झिरो होणारच नाही. टरेट तळाला टेकेल आणि तरी गोळी ६ एमओए वर लागेल. "जास्त उतार म्हणजे जास्त चांगलं" हे का चालत नाही, ते इथे दिसतं.

मग मला किती एमओएची रेल लागेल?

तुमच्या स्कोपच्या एकूण एलेव्हेशनचं अर्धं करा. त्यातून झिरोचे चार वजा करा. हे तुमचं सपाट रेलवरचं भांडवल. ज्या सर्वांत लांबच्या अंतरावर मारायचं आहे तिथला तुमच्या गोळीचा ड्रॉप (झिरोपासून गोळी किती खाली येते ते) एमओएमध्ये काढा आणि त्यात पाचेक एमओए हाताशी राहू द्या. थंडी, कमी वेगाची गोळ्यांची पेटी, अशा वेळी ते लागतात. गरजेतून भांडवल वजा केलं की जी तूट उरते तेवढा उतार हवा.

.३०८ विंचेस्टरमध्ये १७५ ग्रेनची गोळी साधारण २६०० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटली तर १००० यार्डांवर (९१४ मीटर) जवळपास ४० एमओए लागतात. अधिक पाच, ४५. ६० एमओएच्या स्कोपचं भांडवल २६. तूट १९. इथे २० एमओएची रेल चपखल बसते.

६.५ क्रीडमोरला १४० ग्रेनच्या गोळीने १००० यार्डांवर तिसेक एमओए पुरतात. तूट जेमतेम ९. हिशेबाने १० एमओएची रेल पुरे, पण मी २०चीच घेईन. ती सहज मिळते, आणि खाली १४ एमओए शिल्लक राहत असल्यामुळे काही अडतही नाही.

आता ३४ मिलिमीटर नळीचा, एकूण ३० मिल एलेव्हेशनचा स्कोप घ्या. अर्धे १५, झिरोचे १.२ गेले, उरले १३.८. १००० यार्डांवर ६.५ क्रीडमोरला लागतात ८.७ मिल. इथे उताराच्या रेलवाचून काहीही अडत नाही. लावली तर तोटा नाही, पण "लावलीच पाहिजे" असं सांगणाऱ्याने आधी ही वजाबाकी करून दाखवावी.

खालच्या टोकाचं भानही हवं. एकूण ४० एमओएच्या स्कोपवर २०ची रेल लावली तर झिरोखाली फक्त ४ उरतात. रिसीव्हरची भोकं थोडी वाकडी पडलेली असली तर तेही संपतात. असा स्कोप असेल तर १०ची रेल बघा, नाहीतर स्कोपच बदला.

स्कोपमध्ये एकूण किती एलेव्हेशन आहे हे मोजायचं कसं?

माहितीपत्रकातला आकडा ही सुरुवात झाली, पण स्वतः मोजा. झिरो स्टॉप (टरेटला झिरोखाली जाऊ न देणारी अडण) असेल तर तो आधी सैल करा, नाहीतर टरेट मध्येच अडेल आणि तुम्हाला वाटेल तळ आला. विंडेज (डावी-उजवीकडची दुरुस्ती) साधारण मध्यावर आणा. मग एलेव्हेशनचं टरेट सावकाश खाली नेत जा. जिथे बोटाला घट्टपणा लागेल तिथे थांबा. जोर लावायचा नाही. तिथून वरच्या टोकापर्यंत पूर्ण फेरे आणि उरलेले क्लिक मोजा. पाव एमओएचा क्लिक असेल तर ६० एमओए म्हणजे २४० क्लिक. एका फेऱ्यात १५ एमओए असतील तर चार फेरे. निम्मे क्लिक परत आलात की तुम्ही स्कोपच्या मध्यावर आहात.

जास्त पटीच्या स्कोपमध्ये एलेव्हेशन अनेकदा कमी असतं, हेही ध्यानात असू द्या. ४०-५० पट मोठं दिसतं म्हणून घेतलेला स्कोप १००० यार्डांपर्यंत पोचतच नाही, असं होऊ शकतं.

मी ३०० मीटरच्या आतच मारतो. रेल घेऊ का?

सपाट घ्या. ६.५ क्रीडमोरला ३०० यार्डांवर चार-पाच एमओए लागतात. ते कुठल्याही धड स्कोपमध्ये असतात.

२० एमओएची रेल लावली तर १०० यार्डांवर गोळी वीस इंच वर लागेल का?

सपाट रेल काढून तिथे उताराची लावली आणि टरेटला हातच लावला नाही, तर हो, जवळपास २१ इंच वर लागेल. बऱ्याच वेळा गोळी कागदावरच येत नाही आणि माणूस गोंधळतो. त्यासाठी आधी २५ यार्डांवर मोठा पुठ्ठा लावा. बोल्ट (गोळी आत ढकलणारा मागचा दांडा) काढून बॅरलमधून बघा, स्कोपमधून बघा, दोन्ही एकाच ठिपक्यावर आणा. मग १०० वर जा. एकदा झिरो झाला की १०० यार्डांवर रेल सपाट आहे की उताराची, गोळीला काही फरक पडत नाही.

बॅलिस्टिक ॲपमध्ये रेलचा उतार भरायचा का?

नाही. ॲपला झिरोचं अंतर आणि स्कोपची बॅरलपासूनची उंची हवी असते. रेल किंवा रिंगा बदलल्यावर ही उंची मात्र पुन्हा मोजून भरा. उतार किती आहे याचा ॲपच्या हिशेबाशी संबंध नाही.

१०० यार्डांवर झिरोच होत नाही. टरेट तळाला टेकलं. आता काय?

पहिल्यांदा बघा, रेल आणि माउंट (रेलवर बसणारी स्कोपची बैठक) दोन्ही उताराचे तर नाहीत ना. २०ची रेल आणि २०चा माउंट म्हणजे ४०. एकाच अखंड तुकड्यातले माउंट घेणाऱ्यांचं हे हमखास होतं. स्वीडनच्या श्पूरसारख्या कंपनीचे माउंट सपाटही मिळतात आणि ६ मिल उताराचेही. दिसायला सारखेच, फरक नळीत नाही तर मॉडेलच्या आकड्यात.

दोन्हीकडे उतार नसेल तर किती क्लिक कमी पडतात ते बघा. दोन एमओए कमी पडत असतील तर झिरो २०० यार्डांवर करून बघा; ६.५ क्रीडमोरला तिथे साधारण दोनच एमओए लागतात, त्यामुळे गाडी रुळावर येते. सहा कमी पडत असतील तर २०० ने भागणार नाही, ४०० यार्डांपर्यंत जावं लागेल. त्यापेक्षा कमी उताराची रेल बरी. जवळच्या अंतरावर रेटिकलच्या (स्कोपमधल्या निशाणा धरायच्या रेषांच्या) वरच्या खुणा वापरून निभावता येतं, पण घाईच्या स्पर्धेत हे ध्यानात ठेवणं म्हणजे डोक्याला ताप.

.२२ रिमफायरला इतक्या उताराची रेल कशाला लागते? गोळी तर छोटीशी.

छोटी आहे आणि हळू आहे, म्हणूनच. ४० ग्रेनची, सुमारे १०७० फूट प्रतिसेकंदाची .२२ गोळी ५० यार्ड जायला दीड दशांश सेकंद घेते. तेवढ्यात ती चार इंच खाली येते. स्कोपची उंची मिळवली की पावणेसहा इंच, आणि ५० यार्डांवर पावणेसहा इंच म्हणजे ११ एमओए! मोठ्या रायफलला झिरोसाठी चार लागत होते, इथे अकरा. म्हणजे ६० एमओएच्या स्कोपचं सपाट रेलवरचं भांडवल फक्त १९ राहतं.

गरज बघा: ५० यार्डांच्या झिरोपासून २०० यार्डांवर २३-२४ एमओए लागतात, ३०० यार्डांवर ४० ते ४५. सपाट रेलवर २०० सुद्धा गाठत नाही. ३० एमओएच्या रेलवर वर ४९ आणि खाली ११ मिळतात, म्हणजे ३०० यार्ड जमतात. रुगरने आपल्या प्रिसिजन रिमफायर रायफलवर ३० एमओएची रेल कारखान्यातूनच दिली आहे, तर त्याच घराण्यातल्या मोठ्या प्रिसिजन रायफलवर २०ची. फरक का, ते वरच्या आकड्यांत आहे.

म्हणून मोठ्या रायफलवर जो उतार जास्त वाटतो तो .२२ वर अगदी रास्त असतो. ४०ची रेलसुद्धा चालते, फक्त खाली एखादाच एमओए उरतो. मी ३०वर थांबेन.

सीझेड ४५७ सारख्या रायफलींच्या रिसीव्हरवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच कापलेली असते. तिच्यावर बसणारी रेल वेगळी घ्यावी लागते. ती किती जागी आणि कशी आवळली जाते ते बघून घ्या. .२२चा धक्का कमी असला तरी बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) रायफल सारखी मागेपुढे ढकलली जाते आणि नुसत्या दाबावर बसलेली रेल हळूहळू सरकते.

मागच्या रिंगेखाली पत्र्याची पट्टी घातली तर? फुकटात उतार मिळेल.

मिळेल, आणि स्कोपची नळी वाकेल. उताराच्या रेलवर दोन्ही रिंगा एकाच सरळ रेषेत असतात. रेल तिरकी आहे, रिंगांमध्ये तिरकेपणा नाही. एका रिंगेखाली पट्टी घातली की ती रेष मोडते. रिंगेच्या कडा नळीला चावतात. वर्षभराने स्कोप काढला की नळीवर अर्धचंद्राच्या आकाराचा ओरखडा दिसतो, विकायला गेलात तर गिऱ्हाईक तोच आधी बघतं.

रेल बदलायची नसेल तर आतून गोलाकार प्लास्टिकच्या पट्ट्या असलेल्या रिंगा मिळतात; बरिसच्या सिग्नेचर रिंगा त्यातल्या प्रसिद्ध. त्या पट्ट्या आपल्या जागी फिरून नळीला सरळ पकडतात, त्यामुळे पुढे-मागे कमी-जास्त जाडीच्या घालून उतार साधता येतो. .२२ साठी हा उपाय स्वस्त आणि मस्त.

रेलमुळे चित्र खराब होतं, असं ऐकलंय.

उलटं आहे. स्कोपच्या आत भिंगांची एक छोटी नळी असते आणि टरेट तिलाच वर-खाली, डावी-उजवीकडे ढकलतं. ती टोकाला गेली की कडेला चित्र मलूल होतं आणि स्वस्त स्कोपचे क्लिक बेभरवशाचे होतात. सपाट रेलवर तुम्ही लांब मारताना तिला टोकाला नेता. उताराच्या रेलवर ती १०० यार्डांना तळाकडे असते आणि लांबच्या अंतराला मध्याजवळ येते. जिथे चित्र चांगलं हवं तिथेच ते चांगलं मिळतं.

यातली एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: विंडेजची. आतली नळी गोल पोकळीत फिरते, त्यामुळे ती वर टोकाला गेली की बाजूला सरकायला जागाच उरत नाही. मध्यापासून चहूकडे ३० एमओए धरा. ६.५ क्रीडमोरला ९०० यार्डांवर साधारण २५ एमओए लागतात. सपाट रेलवर झिरोचे ४ मिळवून नळी मध्यापासून २९ वर गेलेली असते. मग बाजूला जायला साधारण आठच एमओए उरतात. २० च्या रेलवर ती मध्यापासून फक्त ९ वर असते आणि बाजूला २८ मोकळे. प्रत्यक्ष स्कोपची रचना थोडी निराळी असते, आकडे तंतोतंत येणार नाहीत. पण जोराच्या आडव्या वाऱ्यात टरेट मध्येच अडलं तर बिघाड समजून स्कोप परत पाठवण्याआधी हे आठवा.

पिकॅटिनी आणि वीव्हर, फरक पडतो का?

पडतो. पिकॅटिनीचं माप अमेरिकी लष्कराच्या १९९५च्या मानकात बांधून दिलेलं आहे: खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, दोन खाचांच्या मध्यांतलं अंतर १०.०१ मिलिमीटर. वीव्हरची खाच ४.५७ मिलिमीटरची आणि अंतर ठरलेलं नाही. वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर सहसा बसतात, उलट मात्र अडतं. नवी रेल घेताय तर पिकॅटिनीच घ्या.

स्टील की ॲल्युमिनियम? एकसंध की दोन तुकड्यांची?

उताराची हवी तर एकसंधच. दोन सुटे तुकडे एकाच तिरक्या रेषेत बसतील याची खात्री कोण देणार?

धातूवरून लोक उगाच भांडतात. चांगल्या ॲल्युमिनियमची (७०७५ ही जात कणखर) रेल ६.५ क्रीडमोर किंवा .३०८ ला पुरून उरते. .३३८ लापुआ मॅग्नम आणि त्याच्या वरच्यांना स्टील घ्या. वजन वाढतं, पण तिथे रायफलच इतकी जड असते की कळत नाही. धातूपेक्षा स्क्रू महत्त्वाचे. रेमिंग्टन ७०० आणि तिच्या धर्तीच्या बऱ्याच रिसीव्हरवर ६-४८ मापाचे स्क्रू असतात, जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाड. धक्का मोठा असेल तर गनस्मिथकडून भोकं ८-४० ची करून घेतात. तो स्क्रू चार मिलिमीटरहून थोडा जाड. पुढे रिसीव्हरवर अडणारा ठोकळा असलेली रेल मिळाली तर आणखी चांगलं. सगळा धक्का मग स्क्रूंवर येत नाही.

बसवताना काय बघायचं?

जाड टोक डोळ्याकडे. हे लिहावं लागतंय, कारण काही रेल उलट्याही बसतात. उलटी बसली तर झिरोसाठी २० एमओए उलट वर चढवावे लागतील आणि ४६ च्या जागी हातात ६ उरतील.

भोकांतलं तेल स्पिरिटने पुसून काढा. मग रेल नुसती ठेवून एका टोकाचे दोन स्क्रू हलके आवळा आणि दुसऱ्या टोकाखाली उजेड दिसतो का बघा. दिसला तर रेल आणि रिसीव्हर यांचा मेळ नाही. तशीच दाबून आवळली तर रेल वाकेल, तिच्यासोबत स्कोप वाकेल आणि २० एमओएचे नेमके किती झाले कुणालाच कळणार नाही. अशा वेळी त्या फटीत इपॉक्सी भरून रेल मोकळी बसू देतात, सुकल्यावर आवळतात. रिसीव्हरला आधी मेण किंवा रिलीज एजंट लावायला विसरलात तर मात्र रेल जन्माची चिकटली.

पुढच्या स्क्रूकडे विशेष लक्ष द्या. तो लांब असेल तर बॅरलच्या आट्यांना टेकतो किंवा बोल्टच्या वाटेत येतो. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर बोल्ट पुढे-मागे करून बघा. जराही घासला तर स्क्रू लांब आहे. आवळायला टॉर्क रेंच वापरा. रेलच्या स्क्रूंना साधारण १५ ते २५ इंच-पाउंड सांगतात, पण कंपनीने दिलेला आकडाच पाळा. स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) चालतं, लाल नको. शेवटी रिंगा खाचेत ठेवल्यावर पुढे ढकला, खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा आणि मगच आवळा.

पुढची मोठी भिंग बॅरलला टेकेल का?

५६ मिलिमीटर भिंगाला रिंगा आधीच खालच्या घेतल्या असतील तर टेकू शकते. उतारामुळे पुढचं टोक मिलिमीटरभर खाली जातं. भिंगाखालून कागद सरकला पाहिजे, झाकणही लागलं पाहिजे.

रेल खरंच २० एमओएची आहे हे कसं तपासू?

व्हर्नियरने दोन टोकांची जाडी मोजता येते, पण रेलचा खालचा भाग गोल किंवा पायऱ्यापायऱ्यांचा असतो, त्यामुळे घरी माप चुकतं. सोपी रीत म्हणजे झिरो करा आणि तिथून तळापर्यंतचे क्लिक मोजा. ६० एमओएच्या स्कोपवर १४ एमओए, म्हणजे पाव एमओएचे ५६ क्लिक यायला हवेत. ५०-६० आले तर उत्तम. २० क्लिकच आले तर रेल, रिसीव्हर किंवा बॅरल यांपैकी काहीतरी तिरपं आहे. बहुधा रिसीव्हरची भोकं. गनस्मिथला हा क्लिकचा आकडा सांगा, "काहीतरी चुकतंय" असं सांगू नका.

रायफल एका बाजूला कलली तर रेल सावरून घेते का?

नाही, त्याचा या उताराशी संबंध नाही. ३० एमओए चढवलेले असताना रायफल फक्त ३ अंश कडेला कलली तर १००० यार्डांवर गोळी ४२ सेंटिमीटर बाजूला जाते. स्कोपवर पाण्याच्या बुडबुड्याची पातळी लावा, रेलच्या किमतीच्या अंशात येते.

एफ-क्लाससाठी वेगळा विचार करायचा का?

कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वहार्सन यांच्या नावावरून ओळखला जाणारा हा स्पर्धेचा प्रकार ३०० ते १००० यार्डांवर, झोपून खेळतात. त्यात दोन गट, रायफलचं वजन ओपनमध्ये १० किलोपर्यंत आणि एफ-टीआरमध्ये ८.२५ किलोपर्यंत. इथे जास्त पटीचे, म्हणजे बहुधा कमी एलेव्हेशनचे स्कोप चालतात. १०० यार्डांवर मारायची सक्ती नसते, त्यामुळे खाली जागा उरली नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही. एफ-टीआरमध्ये .३०८ असेल तर २० एमओए धरून चाला.

एक मैल, दोन मैलांचं काय?

तिथे ४० एमओएसुद्धा सुरुवात समजतात. दोन मैल म्हणजे ३५२० यार्ड. न्यू मेक्सिकोत रॅटनजवळच्या मैदानावर 'किंग ऑफ टू माइल्स'सारख्या स्पर्धा झाल्या आहेत. त्या अंतराला उतार बदलता येणारे माउंट किंवा स्कोपच्या पुढे बसवायचं प्रिझमचं उपकरण वापरतात. १०० यार्डांचा झिरो तिथे सोडूनच द्यावा लागतो. या वाटेला जाणाऱ्याने वेगळी रायफल धरावी. एकाच रेलवर १०० यार्ड आणि दोन मैल दोन्ही जमवण्याच्या नादाला लागू नये.

मी पुण्यात बालेवाडीला ५० मीटर रायफल खेळतो. मला ही रेल उपयोगी आहे का?

नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत दुर्बिणीचा स्कोप चालत नाही. १० मीटर एअर रायफल, ५० मीटर, ३०० मीटर सगळीकडे छिद्रातून बघायची डायऑप्टर साइट असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं ते अशाच साइटवर. पैसे जॅकेट आणि गोळ्यांवर घाला.

अमेरिकेतून येताना भावासाठी स्कोप आणि रेल आणू का?

बॅगेत टाकून आणायची वस्तू नव्हे. रायफलच्या स्कोपवर अमेरिकेत निर्यात नियंत्रण आहे, आणि इकडे भारतात कस्टमचे व शस्त्र परवान्याचे नियम वेगळे. दोन्हीकडची परवानगी लेखी हातात पडेपर्यंत तिकीट काढलं तरी स्कोप घरीच ठेवा.

रेल काढून परत लावली तर झिरो टिकतो का?

रिंगा रेलवरून काढून त्याच खाचेत, त्याच टॉर्कने परत लावल्या तर बराचसा टिकतो. रेलच रिसीव्हरवरून काढली असेल तर नव्याने झिरो करा. आणि हात घातलाच आहे तर तळापर्यंतचे क्लिक पुन्हा मोजून वहीत लिहून ठेवा. पुढे स्कोप बदलायची वेळ आली की तोच आकडा लागतो.